अंग आंबते म्हणजे काय होते?



गड चढताना दम लागतो, पण मांड्या भरून येतात त्या गड उतरल्यावर; आणि त्याही लगेच नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. असे का बरे व्हावे? या साध्या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

आपण म्हणतो, ‘अंग आंबले.’ गंमत पाहा, शास्त्रालाही पुष्कळ काळ तसेच वाटे! श्रमाने स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते आणि तेच दुखते, असा समज होता. पण १९०२ साली अमेरिकेतील थिओडोर हफ यांनी बोटाच्या स्नायूवर प्रयोग केले आणि सांगितले की, हे उशिरा येणारे दुखणे स्नायूच्या आत बारीक फाटल्याने येत असावे.

१९५२ साली लंडनमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचे, दुसऱ्याने आपले उलटे फिरणारे पेडल पायांनी रोखायचे. जोर दोघांचा सारखाच. पण रोखणाऱ्याला प्राणवायू पुष्कळच कमी लागला. ताणला जात असताना स्नायू थोड्याच तंतूंवर काम भागवतो. म्हणजे दम कमी, पण एकेका तंतूवर ओझे जास्त!

पुढे १९८१ साली स्वीडनमध्ये फ्रिडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना वारंवार जिने उतरायला लावले आणि त्यांच्या पोटरीच्या स्नायूचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तंतूंची आतली घडी विस्कटलेली दिसली. आम्ल तर श्रम थांबल्यावर तासाभरात ओसरते. मग दोन दिवसांनी येणाऱ्या दुखण्याचा दोष त्याच्या माथी कसा मारायचा?

शिक्षकबंधूंनो, उठाबशी काढताना खाली बसणे हेही मांडीच्या स्नायूला उतरणेच आहे. नवख्या मुलाला पहिल्याच दिवशी शंभर उठाबशा, आणि त्याही शिक्षा म्हणून, कधीही काढायला लावू नका. स्नायू फार मोडला तर त्यातील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करतात. लघवी गडद तांबूस झाली, तर तडक डॉक्टर गाठावा.

आणि तरुण मित्रहो, पहिल्या दिवसाच्या दुखण्याला भिऊन तालीम सोडू नका. पहिल्या वेळी थोडेच करा, स्नायूला सावरायला काही दिवस द्या. तेच काम पुन्हा केले की दुखणे बरेच कमी होते. एकदा सोसलेले स्नायू विसरत नाही.