तोफा, नांगर आणि कुपोला

आपल्या भागात एक गोष्ट शाळेतल्या भाषणांत, कारखान्यांच्या वर्धापनदिनी आणि शाहू जयंतीला हमखास सांगितली जाते. पहिले महायुद्ध चालू होते, लोखंड मिळेनासे झाले होते आणि किर्लोस्करवाडीचा नांगरांचा कारखाना अडचणीत आला होता. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही. पण ती सांगताना एका वाक्यात तोफ असते आणि पुढच्याच वाक्यात नांगर. मधल्या जागेत काय घडते, हे कोणी सांगत नाही. मला त्या मधल्या जागेविषयीच लिहायचे आहे, कारण माझा दवाखाना गेली तीस-पस्तीस वर्षे तिच्या शेजारीच आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांची पाळी सुटली की माझ्या बाकावर येऊन बसणाऱ्यांच्या भुवयांत वाळू असते.

लक्ष्मणरावांची हकिगत आपल्याला माहीत आहे, म्हणून थोडक्यातच सांगतो. जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, तर रंगांधळेपणा निघाला. मग यंत्रांची चित्रे काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत तोच विषय शिकवू लागले. १८८८ साली भावाबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते, पुढे नोकरी सोडून तिथेच आले. आधी कडबा कापायचे यंत्र केले, १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळे हे नांगर दोन वर्षे पडून राहिले. पुढे बेळगावच्या नव्या वस्तीसाठी जागा सोडावी लागली आणि औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण साहित्याची माणसे ‘किर्लोस्कर’ म्हटले की मासिक आठवतो. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० साली निघाली, ‘स्त्री’ १९३० साली, ‘मनोहर’ १९३४ साली. मराठी कथेच्या दोन पिढ्या ज्या अंकांनी वाढवल्या, ते अंक एका ओतशाळेच्या अंगणात जन्मले, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता त्या ओतशाळेत शिरू.

लोखंडी नांगराचे बरेच भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. बीड वितळवायची जी उभी भट्टी, तिला कुपोला म्हणतात. आमच्याकडचे कामगार ‘कपोला’ म्हणतात. इंग्लंडात जॉन विल्किन्सनने १७९४ साली तिचे पेटंट घेतले. रचना इतकी साधी आहे की गावातला हुशार मिस्त्री ती पाहून बांधू शकतो. पत्र्याचे उंच नळकांडे उभे करायचे, आतून भट्टीच्या विटांचे अस्तर द्यायचे. तळाला दोन फळ्यांचे लोखंडी दार, त्यावर वाळूचा थर. त्यावर छातीइतका कोक रचून पेटवायचा आणि मग वरच्या खिडकीतून थरावर थर सोडायचे : लोखंड, कोक, थोडी चुनखडी, पुन्हा लोखंड, पुन्हा कोक. खालच्या बाजूने ब्लोअरचा वारा नळ्यांतून आत घुसतो. साधारण एक भाग कोकला सहा-सात भाग लोखंड उतरते. चुनखडी राख आणि वाळू धरून तिची मळी करते. मळी हलकी, ती वर तरंगते आणि मागच्या भोकातून काढतात. पुढच्या भोकाला मातीचा बोळा लावलेला असतो. तो फोडला की पांढरट नारिंगी धार लॅडलमध्ये पडते. दिवसअखेर तळाचे दार पाडतात आणि उरलेला निखारा धाडकन जमिनीवर येतो. तो क्षण मी एकदा पाहिला आहे. लांब उभे राहूनही चेहरा भाजल्यासारखा झाला होता.

या भट्टीचे मोठे वैशिष्ट्य असे की तिला खनिज लागत नाही. खनिजापासून लोखंड काढायचे तर प्रचंड झोतभट्टी, खाणी, रेल्वे आणि कोट्यवधींचे भांडवल लागते. तशी भट्टी टाटांनी साकचीला १९११ च्या अखेरीस पेटवली, म्हैसूर संस्थानाची भद्रावतीची भट्टी तर १९२३ साली सुरू झाली. महायुद्धाच्या काळात बाहेरून येणारे लोखंड आटले होते आणि साकचीचे रूळ सरकारने मेसोपोटेमियाकडे नेले होते. माळावरच्या छोट्या कारखानदाराला मग एकच खाण उरत होती, ती म्हणजे लोकांनी टाकून दिलेले लोखंड. माझ्या मते शाहू छत्रपतींच्या देणगीचे खरे मोल इथे आहे. ती केवळ औदार्याची गोष्ट नव्हती. संस्थानाच्या आवारात पडलेला माल म्हणजे कच्चा माल आहे, ही नजर तिच्यामागे होती.

पण तोफ म्हणजे एकाच तऱ्हेचे लोखंड नव्हे. काही तोफा पंचधातूच्या किंवा कांशाच्या; त्यांचा नांगराला काहीच उपयोग नाही. काही घडीव लोखंडाच्या पट्ट्या जुळवून, वर कडी चढवून केलेल्या. घडीव लोखंडात कर्ब नसल्यासारखाच, म्हणून ते वितळायला पंधराशे अंशांच्या वर जावे लागते आणि कुपोलात ते कोकमधला कर्ब शोषत शोषत कुरकुरत उतरते. ओतीव तोफा तेवढ्या सरळ. बीड साडेअकराशे-बाराशे अंशांनाच पातळ होते. त्यातही अख्खी तोफ खिडकीतून आत जात नाही. असा जाड ओतीव माल फोडायला तीन खांबांच्या घोडीवरून जड लोखंडी गोळा उंच चढवून सोडतात. बीड ठिसूळ, ते तडकते. घडीव लोखंड नुसते वाकते.

कांशाच्या तोफांचा विषय निघालाच आहे, तर विजापूरची आठवण काढतो. तिथली मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, वजन पन्नास टनांच्या वर. १८५४ साली सरकारने विजापुरातला जुना, निरुपयोगी माल विकायचा हुकूम काढला, त्यात ही तोफही लिलावात निघाली. सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची. रक्कम फारच थोडी आहे आणि लोकांची तोफेवर श्रद्धा आहे, असे तिथल्या मामलेदाराने वर कळवले आणि विक्री रद्द झाली. एका मामलेदाराच्या नापसंतीने ती वाचली. मी इतिहासाचा हौशी वाचक, त्यामुळे मला हे दोन्ही प्रसंग एकत्र आठवतात आणि कोणाची बाजू घ्यावी कळत नाही. भट्टीत गेलेल्या तोफेवरचा लेख पुन्हा वाचता येत नाही. पण १९१६-१७ च्या दुष्टचक्रात ज्या शेतकऱ्याची जमीन त्या नांगराने निघाली, त्याला मी लेखाचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगणार?

इथे एक घरची गोष्ट. आमच्या जैन आचारग्रंथांत श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे सांगितले आहेत, त्यांत अंगारकर्म पहिले. हेमचंद्रांच्या योगशास्त्रात कुंभाराची, लोहाराची, सोनाराची भट्टी त्यातच मोजली आहे. पण बेळगाव-कोल्हापूरकडचे आम्ही जैन बहुतेक पिढीजात शेतकरी. माझ्या आजोबांच्या गोठ्यात लोखंडी नांगर होता आणि त्याची नीट पूजाही होत असे. भट्टी पेटवायची नाही, पण भट्टीतून आलेला फाळ वापरायचा! आजोबांना मी लहानपणी हे विचारले होते. ते म्हणाले, “पेटवणाऱ्याचे पाप आपण खातो, म्हणून तर मूठभर धान्य आधी त्याच्या दारात टाकायचे.” बलुत्याची ती रीत आमच्या घरी बरीच वर्षे चालली.

भंगार वितळवले की नवे लोखंड झाले, असा समज असतो. तसे होत नाही. दर खेपेला कोकमधला गंधक लोखंडात शिरतो आणि सिलिकॉन जळून कमी होतो. सिलिकॉन कमी झाले की बीड आतून पांढरे, काचेसारखे कडक होते. त्यावर छिद्र पाडता येत नाही. म्हणून भंगारात थोडे ताजे पिग लोखंड किंवा फेरोसिलिकॉन घालावे लागते. जुने मिस्त्री प्रयोगशाळेशिवाय हे ओळखत. छोटी पाचर ओतायची, फोडायची आणि आतला रंग पाहायचा : करडा असेल तर ठीक, पांढरा असेल तर माल बदला. नांगराच्या फाळाला मात्र हाच दोष गुण ठरतो. साच्यात लोखंडी तुकडा बसवून टोक झटकन गार केले की तेवढेच टोक पांढरे आणि कठीण होते, मागचा भाग मऊ राहतो. अमेरिकेत जेम्स ऑलिव्हर यांनी एकोणिसाव्या शतकात याच युक्तीवर नांगरांचा मोठा धंदा उभा केला. दोष कुठे हवा आणि कुठे नको, एवढे कळले की निम्मा मिस्त्री झाला.

कोल्हापूर आणि बेळगावच्या फाउंड्र्या पुढे वाढल्या त्या या भंगारावरच. उसाच्या चरकाचे फुटके लाट, ऑइल इंजिनांचे ब्लॉक, ब्रेकड्रम, शिवणयंत्रांचे सांगाडे. रेल्वेच्या बिडाच्या स्लीपर, ज्यांना सीएसटी-नाइन म्हणत, त्या काँक्रीटच्या स्लीपर आल्यावर ढिगांनी निघाल्या आणि कित्येक वर्षे भट्ट्यांचे पोट भरत राहिल्या. आता बहुतेक ठिकाणी विजेची इंडक्शन भट्टी आहे. तांब्याच्या वेटोळ्यातून वीज फिरते, वेटोळ्यात पाणी खेळते आणि मधले लोखंड स्वतःच तापून वितळते. धूर कमी, माल एकसारखा. पण कुपोला निदान मळीत घाण ओढून घेत असे. विजेची भट्टी तेवढेही करत नाही. जे टाकाल तेच निघेल. म्हणून आता सारा भार भंगार निवडणाऱ्यावर आला आहे.

हा निवडणारा चुकला तर काय होते? तोफा भट्टीत गेल्या की नांगरच निघतात असे नाही. २००४ साली गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या युद्धाच्या भंगारात जिवंत तोफगोळे निघाले आणि स्फोटात दहा कामगार गेले. लढाई दुसऱ्या देशातली, मेले ते इथले मजूर. आमच्याकडे तोफगोळे येत नाहीत, पण बंद तोंडाचे शॉकॲब्सॉर्बर येतात, पाणी साचलेले पाइप येतात. वितळलेल्या लोखंडात ओलावा गेला की तो वाफ होऊन सुरुंगासारखा उडतो. अशा भाजलेल्या माणसांना मी गोळ्या देत बसत नाही, थेट मोठ्या रुग्णालयात पाठवतो.

धग दिसते तरी. वाळू दिसत नाही. साचा वाळूचा, माल थंड झाल्यावर तो फोडतात, घासतात, आणि ती बारीक धूळ श्वासात जाते. लोखंडाची धूळ फुफ्फुसाला त्या मानाने कमी त्रास देते, वाळूतले सिलिका मात्र तिथे कायमचे व्रण करते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. डॉक्टरने कळवायच्या रोगांत तो आहे. इथे माझीच एक चूक सांगितली पाहिजे. फार वर्षांपूर्वी एक मोल्डर खोकला घेऊन माझ्याकडे येत असे. मी त्याला धुळीची ॲलर्जी समजून आठ महिने औषध देत राहिलो. आमच्या पेटीत सिलिशिया नावाचे नेहमीचे औषध आहे. तेही सिलिकापासूनच करतात. तेही दिले. शेवटी त्याच्या बायकोने विचारले, “डॉक्टर, फोटो काढायचा नाही का छातीचा?” फोटो काढला. दोन्ही फुफ्फुसांत वरच्या बाजूला गाठी. त्या व्रणांवर ना माझ्याकडे औषध होते, ना इतर कोणाकडे आहे. त्याने काम सोडायला हवे होते आठ महिने आधी, आणि ते सांगायचे काम माझे होते. तेव्हापासून फाउंड्रीतला माणूस आला की पहिला प्रश्न खोकल्याचा नाही, कामाचा विचारतो : मोल्डिंगला आहेस की फेटलिंगला, किती वर्षे, धूळ खेचणारा पंखा चालतो की नुसता बसवला आहे?

त्या माणसाला पुढे एका भंगारवाल्याने निवडायच्या कामावर घेतले. उघड्या हवेतले काम, धूळ त्या मानाने कमी. मी अधूनमधून तिथे जाऊन बसत असे. एकदा ट्रॅक्टरवाल्या गावांतून गोळा केलेल्या ढिगात एक जुना लोखंडी नांगर आला. दांडी गंजलेली, मूठ गेलेली, फाळ मात्र शाबूत. त्याने फाळावर हातोडी मारली, आवाज ऐकला, कोपऱ्याचा टवका उडवून आतला रंग पाहिला आणि मुलाला ओरडून सांगितले, “बीड चांगलं आहे रे, इकडच्या ढिगात टाक.”