व्रण आणि विषाद

एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या मुलुखात मोडणारे आणि १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात समाविष्ट असलेले दुर्गजवळचे भिलाई हे खेडे, २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत कराराने पोलादाच्या इतिहासात दाखल झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तोवर नाना प्रांतांतील कुटुंबांनी तेथे बिऱ्हाडे थाटली होती. कारखान्यापाठोपाठ इस्पितळ आले. नेहरूंचे नाव धारण करणारे ते रुग्णालय भिलाईकर आजही नुसते ‘सेक्टर नाइन’ म्हणून ओळखतात. शल्यक्रियेची उत्तम तजवीज तेथे झाली; परंतु भावकी शेकडो कोसांवर राहिलेल्या कामगाराच्या उशाशी बसणारे माणूस त्या तजविजीत कोठून येणार?

हे माणूस उपचाराचेच अंग आहे, ही जाणीव आपल्या शल्यशास्त्रास फार प्राचीन काळापासून होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणिताच्या शुश्रूषेला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. स्वच्छ, निवात घर आणि पूर्वेकडे उसे असलेली ऐसपैस शय्या सांगून झाल्यावर, प्रियभाषी स्नेह्यांनी जवळ बसून गोष्टी सांगाव्यात आणि रुग्णाला बरे होण्याचा दिलासा देत त्याच्या वेदनेचा विसर पाडावा, असे आचार्य सांगतात. शोक, भय आणि क्रोध हे तर त्यांनी अपथ्याच्या पंक्तीतच बसविले आहेत.

आधुनिक वैद्यकाला हे सत्य मोजून घ्यावे लागले. १९६४ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातील वैद्यांनी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ९७ रुग्णांपैकी निम्म्यांना वेदना कोठे होईल, किती टिकेल आणि ती कशी सोसावी हे आस्थेने समजावून सांगितले. त्यांना वेदनाशामक सुमारे निम्मेच लागले आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. पुढे, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या ८१७ रुग्णांवरील अमेरिकी अभ्यासात, शस्त्रक्रियेपूर्वीच तीव्र किंवा मध्यम नैराश्य असलेल्यांना पुढील वर्षांत मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक आढळला. याची कारणे खाटेजवळ उभे राहून पाहिली तरी उमगतात: विषण्ण रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडतो, ताट परत पाठवितो, खोल श्वास घेत नाही, चालावयास उठत नाही, मग फुप्फुसांत कफ साचतो, पायांतील रक्त गोठण्याचे भय वाढते, आणि मनावरील ताणाने शरीरात वाढणारी संप्रेरके जखम भरण्याची गती मंदावतात.

भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथे, शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखालील खाणकामगारांच्या संघटनेने १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभारले, आणि पाळी संपवून येणारे कामगारच तेथे आरोग्यसेवक झाले. रुग्णाची विचारपूस आपल्याच पाळीतला माणूस करतो, यातला दिलासा औषधाच्या पुडीत बांधून देता येत नाही.

म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी रक्तदाब आणि साखर यांची नोंद ज्या दक्षतेने होते, त्याच दक्षतेने झोप, भूक आणि उमेद यांचीही चौकशी होऊन ती कागदावर यावी, आणि खिन्न आढळलेल्या रुग्णाचा इलाज शस्त्रापूर्वीच सुरू व्हावा. नातलगांना भेटीच्या वेळेत अडथळा न समजता शुश्रूषेत सामील करून घेणे, हे कोणत्याही इस्पितळाच्या आवाक्यातले आहे. आणि देशाच्या रुळांसाठी पोलाद ओतणाऱ्या या वसाहतीतल्या माणसांचा त्यावर पूर्ण हक्क आहे.