बारडोलीचा ठराव, खेळाचे मैदान आणि देवळाचा उंबरठा

बारडोली म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो १९२८ सालचा सारावाढीविरुद्धचा सत्याग्रह. वल्लभभाई पटेलांना ‘सरदार’ हे नाव ज्या लढ्याने मिळवून दिले, तो सर्वश्रुतच आहे. परंतु सुरत जिल्ह्यातील या गावाने त्यापूर्वी सहा वर्षे आणखी एक प्रसंग पाहिला होता. चौरीचौरा येथील हिंसेनंतर, १९२२ च्या फेब्रुवारीत, काँग्रेसची कार्यकारिणी बारडोलीस भरली. तिने सामुदायिक कायदेभंग स्थगित केला आणि देशापुढे विधायक कार्यक्रम ठेवला. चरखा, राष्ट्रीय शाळा, मद्यपाननिषेध आणि अस्पृश्य मानलेल्या बांधवांची उन्नती ही त्याची मुख्य अंगे होत.

त्या ठरावाला जोडलेली एक टीप सहसा कोणी वाचीत नाही. स्पर्शास्पर्शाचा ग्रह जेथे अजून प्रबळ असेल, तेथे अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा व वेगळ्या विहिरी काँग्रेसच्या पैशाने चालवाव्यात. मात्र सार्वजनिक विहिरीवर त्यांना पाणी भरू द्यावे म्हणून लोकांचे मन वळवीत राहावे, असा तिचा आशय. ध्येय एका विहिरीचे, आणि तूर्त सोय दोन विहिरींची! सुधारणेची आपली चाल पुढेही बहुधा अशीच राहिली.

या ठरावाचा क्रिकेटशी वा सिनेमाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे. या दोन्ही करमणुकी आपल्याकडील प्रतिष्ठित मंडळींनी दीर्घकाळ उथळ मानल्या. त्या उथळ आहेत की नाहीत, हा वाद क्षणभर बाजूस ठेवू. ‘आत कोणाला घ्यावयाचे?’ या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिले, तेवढेच येथे पाहावयाचे आहे.

पुण्याच्या मैदानावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू पालवणकर नावाचा चर्मकार समाजातील तरुण गोलंदाजी करीत असे. साहेब लोकांच्या जिमखान्यात तो नोकर होता. त्याची डावखुरी फिरकी पाहून हिंदूंच्या संघाने त्याला खेळावयास बोलाविले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सर्वांना चाले. पण चहाची वेळ झाली की त्याचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात येई. बारडोलीच्या त्या दोन विहिरींचेच हे पूर्वरूप नव्हे काय?

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला, तेव्हा सर्व सामन्यांत मिळून बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढे असूनही हिंदूंचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच मिळाले नाही. १९२० साली त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी या भेदभावाचा निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले.

मग बारडोलीचा ठराव झाला. देशभर अस्पृश्यतेच्या प्रश्नाची चर्चा सुरू होतीच. ठरावानंतरच्या वर्षी, १९२३ साली, हिंदूंचे नेतृत्व विठ्ठल पालवणकरांकडे आले, आणि त्यांच्या संघाने युरोपियनांवर विजय मिळविला. एका ठरावाने हे घडले असे मी म्हणत नाही. विठ्ठलांची बॅट आणि भावांचा निषेध यांचा वाटा त्यात अधिक आहे.

सिनेमाचेही तसेच. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला. थिएटरात बसण्याची जागा तिकिटाच्या दराने ठरे, जातीने नव्हे. पैशाचा भेद राहिला हे खरे. पण तो भेद जन्माचा नव्हता. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांची आई देवसेवेत गाणारी. अशा कलावंत घराण्यांच्या सुरांनी आपले उत्सव साजरे झाले, परंतु त्यांना बरोबरीचा मान देताना आपला हात आखडला. तो मान आधी रंगभूमीने दिला. आणि दीनानाथांच्या कन्येचा, लताबाईंचा, कंठ सिनेमाने घरोघरी पोहोचविला.

मैदान वा थिएटर म्हणजे पुण्यक्षेत्र, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या त्या स्पर्धेतील संघच मुळी धर्मावर रचलेले होते. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी तिच्याविषयी नापसंती व्यक्त केली, आणि १९४६ साली ती कायमची बंद पडली. ते योग्यच झाले.

आता देवळाकडे वळू. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. विठ्ठल नावाचा माणूस १९२३ साली हिंदूंचा कर्णधार झाला. त्याच्या समाजाला विठ्ठलाच्या पायांपर्यंत जाण्यास आणखी चोवीस वर्षे लागली. ज्याच्या नावाने हिंदूंचा संघ जिंकला, त्याला हिंदूंचे देऊळ बंद होते. आपल्या अर्वाचीन इतिहासात याहून बोचरी विसंगती मला आढळत नाही.

देवस्थानाशी पिढ्यान्पिढ्या बांधलेल्या आपणांस हे वाचून अवघड वाटणे साहजिक आहे. देऊळ हे आपल्या समाजाचे पहिले रंगमंडप होय. कीर्तन, दशावतार, पालखी, जत्रा यांनीच आपल्याला एकत्र बसावयास शिकविले. म्हणूनच देवळाचे माप मैदानाहून कडक असले पाहिजे. तरुण मंडळी क्रिकेटला आणि सिनेमाला गर्दी करतात म्हणून आपण हळहळतो. त्यापेक्षा उत्सवातील महाप्रसादाच्या पंक्तीकडे एकवार पाहावे. तेथे कोण बसतो, कोण बाजूस उभा राहतो, आणि कोणाच्या हाती वेगळे पात्र दिले जाते? बारडोलीच्या ठरावातील ती तात्पुरती दुसरी विहीर आपल्या मनात अजून शिल्लक असेल, तर ती बुजविण्याचे काम आपलेच आहे.