स्टेंटनंतरचे व्यायाम-प्रशिक्षण

हृदयाच्या रोहिणीतील अडथळा फुग्याने रुंदावून तेथे धातूची बारीक जाळी (स्टेंट) बसवल्यानंतर रुग्णाला तपासणी करून, पायरीपायरीने दिला जाणारा व्यायाम. औषधे, आहार, तंबाखू सोडणे आणि मनाला धीर देणे यांसह तो हृद्‌पुनर्वसनाचा भाग मानला जातो.

हृदयविकाराचा झटका आला की कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून राहायचे, अशी एके काळी रीत होती. १९५२ मध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवावे असे मांडले, तेही त्या काळी धाडसाचे होते. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये हृद्‌रोहिणी फुग्याने रुंदावण्याची पहिली शस्त्रक्रिया (अँजिओप्लास्टी) केली. माणसाच्या हृद्‌रोहिणीत स्टेंट १९८६ मध्ये आला. आता गुंतागुंत नसेल तर रुग्ण एकदोन दिवसांतच घरी चालत जातो. त्यामुळे आजार संपला असा समज होतो, आणि व्यायाम मागे पडतो तो इथेच. स्टेंट एका जागेपुरता असतो. रोग सगळ्या रोहिण्यांचा असतो.

बेलार्डिनेली यांच्या २००१ च्या इटालियन अभ्यासात अँजिओप्लास्टी झालेले ११८ रुग्ण होते. सहा महिने व्यायाम करणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे २६ टक्क्यांनी वाढली आणि पुढचे हृद्‌विकाराचे प्रसंगही कमी झाले. रोहिणी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण मात्र व्यायाम करणाऱ्या व न करणाऱ्या दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. म्हणजे व्यायामाने लाभ होतो तो जाळीला नव्हे. स्नायूंना, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला, रक्तदाबाला आणि साखरेला. भारतात २४ रुग्णालयांतील ३,९५९ रुग्णांवर झालेल्या योग-केअर चाचणीत (२०२०) योगाधारित पुनर्वसनाने रुग्णांना बरे वाटले, ते नेहमीच्या कामाकडे अधिक चांगले परतले. पण मृत्यू व मोठे हृद्‌विकार ठोसपणे घटल्याचे दिसले नाही. जाहिरातींत यातला पहिला अर्धाच ऐकू येतो.

आरंभी सहा मिनिटांची चाल किंवा ट्रेडमिल चाचणी घेतात. मग ५ ते १० मिनिटे अंग सैल करणे, २० ते ४० मिनिटे चालणे वा सायकल, शेवटी वेग हळूहळू उतरवणे. आठवड्याला एकूण १५० मिनिटांपर्यंत पोचायचे असते. नाडी मंद ठेवणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर ‘२२० वजा वय’ हा कमाल नाडीचा हिशेब फसवा ठरतो. त्यापेक्षा चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही खूण बरी. स्टेंट मनगटातून टाकला असेल तर काही दिवस त्या हाताने ओझे उचलायचे नाही. जांघेतून असेल तर साधारण आठवडाभर सांभाळायचे.

मुंबईतील काही मोठ्या रुग्णालयांत पुनर्वसनाचे स्वतंत्र विभाग आहेत. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यासारख्या गावची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, महात्मा फुले जनआरोग्य योजनेने उपचाराचा भार उचलला; जाळी आवाक्यात आली, तिच्यानंतरची शिकवण शहरातच राहिली. शिवाय ‘शेतात राबतो, वेगळा व्यायाम कशाला?’ हा सवाल येतोच. तो अगदी चुकीचा नाही. पण हळद काढणे, शिजवणे, पोती उचलणे किंवा उसाची मोळी डोक्यावर घेणे यांत श्रम एकदम चढतात, श्वास रोखला जातो आणि रक्तदाब उसळतो. सलग, मोजून वाढवलेल्या श्रमाची सवय त्यातून लागत नाही. म्हणून आधी सपाट रस्त्यावर रोजची चाल, दर आठवड्याला पाचेक मिनिटांची वाढ, नंतर विळा-खुरप्याची हलकी कामे आणि पोती सर्वांत शेवटी, तीही डॉक्टरांना विचारून. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चालायचे ते दिवस उगवताना. जेवल्यावर लगेच नको.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, बहुधा दोन प्रकारच्या, सहा ते बारा महिने चालतात. बरे वाटते म्हणून त्या मनाने बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो, आणि हा धोका व्यायामाच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे. चालताना छातीत दाबल्यासारखे झाले, डावा हात वा जबडा दुखू लागला, घेरी आली किंवा एकाएकी दम लागला तर तिथेच थांबून बसावे. डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी घ्यावी आणि त्रास पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करावा.