दोऱ्याचा वारसा

वारसा म्हटला की डोळ्यांपुढे जमीनजुमला येतो, देव्हाऱ्यातील टाक येतात, फार तर आजीची नथ येते. क्रोशाने विणलेले तोरण मृत्युपत्रात कोणी लिहीत नाही. ते रुखवतातून आईकडून लेकीकडे जाते. आमच्या घरी असे एक तोरण आहे. पणजीने विणलेले, एवढेच ठाऊक. तिचे माहेरचे नाव सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

ही कला आपल्याकडे युरोपातून आली. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ ओढवला, तेव्हा १८४७ च्या सुमारास क्लोनिस येथे एका धर्मोपदेशकाची पत्नी कॅसांड्रा हँड हिने गरीब स्त्रियांस हे विणकाम मिळवून दिले. भांडवल म्हणजे एक आकड्याची सुई व दोरा. तेथे घराघराचे फुलापानांचे नमुने वेगळे असत आणि ते परक्यांपासून जपून मुलींना शिकविले जात.

आपल्या देशात मिशनऱ्यांनी हीच कला आंध्रातील नरसापूरच्या परिसरात नेली. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी जेथे सागरास मिळते, त्याच्या जवळचे हे गाव. तेथे एकीने फुले विणावीत, दुसरीने ती जोडावीत, असे काम चाले व माल परदेशी जाई. मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले की, दिवसाचे कित्येक तास विणूनही या स्त्रियांची गणना केवळ गृहिणींतच होई. व्यापार व नफा पुरुषांच्या हाती राही. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव नोंदले गेले, विणणारीचे नाही.

आपल्या घरांत तरी निराळे काय घडले? दुपारच्या फावल्या वेळातला छंद, असेच आपणही म्हणत आलो. नोकरीनिमित्त महाराष्ट्र सोडताना आपल्या वडीलधाऱ्यांनी जड सामान मागे ठेवले. हलके तोरण मात्र ट्रंकेच्या तळाशी बरोबर आले आणि परमुलखातल्या दारावर चढले. मंडळाच्या पन्नास वर्षांतील अध्यक्ष व कार्यवाह यांच्या याद्या आपल्यापाशी आहेत. उत्सवात ज्यांचे विणकाम सभामंडपाच्या दारी लागले, त्यांची यादी कोणी केली नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढे तरी करावे, अशी आमची विनंती आहे. ट्रंक उघडावी, घरातील वृद्ध स्त्रीस विचारावे आणि विणणारीचे नाव, माहेर, गाव व साल कापडी पट्टीवर लिहून ती मागे टाचावी. जमल्यास साखळी व खांब मोजून तो नमुनाही तिच्याकडून शिकून घ्यावा. सुती दोरा केव्हातरी विरतोच. हाताला ठाऊक असलेला नमुना पुन्हा विणता येतो. आमच्या तोरणालाही आम्ही पट्टी टाचली आहे. तीवर माहेराची जागा कोरी आहे.