इअरफोनच्या आतली भिवंडी : मुलींच्या संगीत-नियतकालिकाची प्रस्तावना

भिवंडीच्या आवाजाचा इतिहास लिहायला बसले की दोन प्रकरणे आपोआप ठरतात. पहिले यंत्रमागाचे. धोट्याच्या मागांचा खडखडाट कारखान्यात ९० डेसिबलच्या वर जातो, आणि इथल्या कितीतरी वस्त्यांत माग आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत असते. दुसरे प्रकरण मिरवणुकीचे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली, १९८४ मध्ये गाव पुन्हा होरपळले. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. शहराच्या आवाजाबद्दल जे लिहिले जाते ते साधारण एवढेच.

तिसरे प्रकरण फारसे कोणी हाती घेतलेले नाही. त्याच गल्लीत, त्याच खडखडाटात, कानात इअरफोन घालून बसलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी काय ऐकते, आणि ऐकल्यावर तिला काय म्हणायचे असते? तिच्यासाठी आणि तिच्याच हातून निघू शकेल असे संगीताचे नियतकालिक हा या प्रस्तावनेचा विषय. बाजारातल्या, डीजेवरच्या, क्लासमधल्या गाण्यापलीकडचे जे काही ती ऐकते किंवा स्वतः रचते, त्याचे नियतकालिक. या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांनी वाट अनोळखी म्हणून बिचकू नये. सामग्री भरपूर आहे, फक्त विखुरलेली आहे.

मराठीत या विषयाकडे येणाऱ्या दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींना क्वचितच भेटतात. एक स्त्रियांच्या मासिकांची. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० मध्ये ‘स्त्री’ काढले, १९७७ मध्ये ‘बायजा’ आले, आणि ‘स्त्री’च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. लग्न, शिक्षण, कायदा, घरकाम, हिंसा यांवर या परंपरेने जे लिहिले त्याला तोड नाही. गाणे मात्र तिथे बहुधा एखाद्या गायिकेच्या मुलाखतीपुरते येते. दुसरी वाट संगीताच्या नियतकालिकांची. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’ १९४७ पासूनचे. मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्यांत मुलींचा भरणा मोठा, पण तिथे मुलगी विद्यार्थिनी म्हणून येते. यमनचे वादी-संवादी तिला विचारले जातात; घरी परतताना शेअर रिक्षात कोणते गाणे लागले होते आणि ते तिला का आवडले नाही, हे कोणी विचारत नाही.

तरी मुली लिहीत होत्याच. सिनेमागृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या घरोघर होत्या, आणि त्यांच्याहून महत्त्वाची होती हाताने उतरवलेली गाण्यांची वही. रेडिओ ऐकत, एक ओळ सुटली तर पुढच्या वेळी भरून काढत लिहिलेली ती वही म्हणजे एका श्रोतीने केलेले संपादन आहे: काय घेतले, काय गाळले, कोणते गाणे कोणत्या गाण्याशेजारी ठेवले. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ला गेलेली पोस्टकार्डेही त्यातलीच. अशा वह्या माळ्यावर पडल्या असतील तर रद्दीवाल्याच्या आधी अभ्यासकांनी त्यांच्यापर्यंत पोचायला हवे.

सिद्धान्ताच्या बाजूने या क्षेत्राची सुरुवात बहुतेकदा बर्मिंगहॅमपासून सांगितली जाते. १९७०च्या दशकात अँजेला मॅक्रॉबी आणि जेनी गार्बर यांनी तिथल्या समकालीन संस्कृती अभ्यास केंद्रात एक साधा प्रश्न विचारला: तरुणांच्या उपसंस्कृतींवर एवढे लिहिले जाते, त्यात मुली का दिसत नाहीत? त्यांचे उत्तर असे की अभ्यासक रस्त्याच्या कोपऱ्यावर पाहत होते आणि मुली आपल्या खोलीत होत्या. भिंतीवर पोस्टर, रेकॉर्ड प्लेअर, एखादी मैत्रीण. मॅक्रॉबी यांनी पुढे ‘जॅकी’ या मुलींच्या साप्ताहिकाचेही बारकाईने वाचन केले. हे काम आजही वाचण्याजोगे आहे. मात्र ते भिवंडीत आणताना एक अडचण येते. इथे मुलीला खोली नसते. दहा बाय बाराच्या जागेत सहा-सात माणसे, त्यांतला एखादा रात्रपाळी करून दिवसा झोपलेला. दाराला कडी लावण्याचा प्रश्नच येत नाही.

मग ऐकण्याची जागा कोणती? गच्ची, पण संध्याकाळी सातनंतर नाही. कॉलेजला जाताना कल्याण नाक्यापर्यंतची रिक्षा. भिवंडी रोड स्टेशनवर वसई-दिवा गाडीची वाट पाहण्याचा वेळ; ही गाडी मुंबईच्या लोकलसारखी दर चार मिनिटांनी येत नाही, हे इथल्या श्रोत्यांच्या पथ्यावरच पडलेले आहे. आणि भर घरात, सर्वांसमोर, ओढणीखाली गेलेली एक वायर. खोलीचे काम इअरफोनने घेतले आहे. पण ही खोली आतून बंद होत नाही. हाक आली की एक कान मोकळा ठेवावा लागतो, फोन अनेकदा भावाचा किंवा सामाईक असतो, आणि ऐकलेल्या गाण्यांची यादी दुसरा कोणीही पाहू शकतो. एका कानाने ऐकण्याची ही पद्धत समजून घेतल्याशिवाय इथल्या वाचकासाठी मासिक काढता येणार नाही, असे माझे मत आहे. परदेशी सिद्धान्तात भर घालायची संधीही इथेच आहे.

जगातले जवळचे नमुने अर्थातच पाहावेत. १९९१ च्या सुमारास अमेरिकेतल्या ऑलिम्पिया गावात ‘रायट गर्ल’ या स्त्रीवादी पंक-संगीत चळवळीतल्या मुलींनी झेरॉक्सवर पत्रिका काढल्या. टोबी वेलचे ‘जिगसॉ’, तिने आणि कॅथलीन हॅना आदींनी आपल्या बँडच्या नावानेच काढलेले ‘बिकिनी किल’. कात्री, गोंद, टंकलेखन यंत्र आणि चोरून वापरलेले झेरॉक्स मशीन एवढे भांडवल. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात आता त्यांचा संग्रह आहे. २००९ मध्ये ‘टॉम टॉम’ हे ढोल-ड्रम वाजवणाऱ्या स्त्रियांचे नियतकालिक निघाले, आणि पंधरा वर्षांच्या टॅव्ही गेविन्सनने २०११ मध्ये सुरू केलेले ‘रूकी’ २०१८ पर्यंत चालले. भारतात अमित सैगल यांचे ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ १९९३ मध्ये अलाहाबादहून निघाले. महानगर नसलेल्या गावातून संगीताचे मासिक निघू शकते याचा तो पुरावा. (ढोलपथकांत कंबरेला ढोल बांधणाऱ्या आपल्या हजारो मुलींसाठी मनगट, पाठ आणि कान यांवर लिहिणारे एखादे ‘टॉम टॉम’ मराठीत का नसावे, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो.)

आता भिवंडीकडे. तालुक्यातल्या आगरी गावांत लग्न लावणारी धवलारीण असते. मांडव, हळद, एकेक विधी ती धवला गाऊन पार पाडते. गाणे थांबले तर लग्न थांबते. गाण्याला इतका अधिकार देणारी, आणि तो बाईच्या हाती देणारी दुसरी परंपरा सहज सापडणार नाही. तेराव्या शतकातल्या महदंबेचे ‘धवळे’ आपण मराठीतल्या आद्य कवयित्रीची रचना म्हणून शिकवतो, पण तो गीतप्रकार आपल्या जवळच्या गावात अजून कामावर आहे हे वर्गात सांगायचे राहून जाते. त्याच अंगणात हळदीच्या रात्री आगरी-कोळी गाण्यांवर डीजे वाजतो. धवलारीण आणि डीजे यांच्यामध्ये जी नात उभी आहे, तिला दोन्ही पाठ असतात. तिने लिहिलेला लेख कुठल्याही लोकसाहित्याच्या प्रबंधाहून जास्त सांगेल, कारण प्रबंधकार बहुधा डीजे सुरू होण्याआधी निघून गेलेले असतात.

शहराच्या दुसऱ्या भागात उर्दू वाचणाऱ्या मुली आहेत आणि त्यांच्यामागे मासिकांची मोठी परंपरा आहे. मुहम्मदी बेगम यांच्या संपादनाखाली लाहोरहून १८९८ मध्ये ‘तहज़ीब-ए-निस्वाँ’ निघू लागले. दिल्लीच्या ‘शमा’ने तर सिनेमा आणि साहित्य एकाच अंकात बसवले आणि त्याच घरातून स्त्रियांसाठी ‘बानो’ निघत असे. पद्मानगरात तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकर कुटुंबे आहेत. भिवंडीतले मासिक एका लिपीत निघाले तर ते निम्म्या वाचकांना पहिल्याच पानावर परत पाठवील.

आणि आजच्या गाणाऱ्या? शेजारच्या कल्याणची डी एमसी आणि गोवंडीची सानिया या रॅपर, मुंबईचा ‘वाइल्ड वाइल्ड वुमन’ हा रॅप करणाऱ्या स्त्रियांचा गट, एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या कडुबाई खरात, विद्रोही शाहिरीतल्या शीतल साठे. यांच्याबद्दल बातम्या पुष्कळ छापून येतात, पण त्यांच्या गाण्याची समीक्षा क्वचित; ताल कसा आहे, शब्द कुठे कमी पडतात, असे कोणी लिहीत नाही. कौतुक हे दुर्लक्षाचेच एक सभ्य रूप असते, आणि नव्या नियतकालिकाने त्यातून बाहेर पडायला हवे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगणे भाग आहे. नियमित नियतकालिकाची नोंदणी आता १८६७ च्या जुन्या कायद्याने होत नाही. २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे आणि अर्ज ऑनलाइन करायचा असतो. दुसरी गोष्ट नाजूक. चित्रपटगीताच्या ओळी समीक्षेसाठी उद्धृत करायला प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ वाजवी मर्यादेत मुभा देते. धवल्याला असा नोंदलेला मालक नाही, म्हणून तो कोणीही उचलतो आणि खाली ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळा होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या तेव्हा गाणारीचे नाव आणि गाव यांची नोंद ठेवली. नव्या मासिकाने तिथून सुरुवात करावी: धवला छापायचा तर आधी धवलारणीची परवानगी घ्यायची, तिचे नाव ती सांगेल तसे छापायचे, मजकूर तिला वाचून दाखवायचा, आणि लेखिकेला जे मानधन ठरेल तेवढेच तिलाही द्यायचे.