चाळीचे उत्पन्न

हाताशी चार पैसे जमले की ते विटाचुन्यात घालावेत आणि येणाऱ्या भाड्यावर उतारवयात निर्वाह करावा, हा विचार आपल्याकडे नवा नाही. तो करणाऱ्या गृहस्थाचे लक्ष बहुधा घराची किंमत, कर्जाचा हप्ता आणि भाड्याचा आकडा या तिहींपलीकडे जात नाही. मुंबईच्या चाळींचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला मात्र चौथी गोष्ट आधी आठवते. ती म्हणजे कायदा.

गिरण्यांबरोबर मुंबईत कामगार आला आणि कामगाराबरोबर चाळ आली. एक लहानशी खोली, समोर सामाईक व्हरांडा, टोकाला नळ व शौचकूप. बांधकामाचा खर्च कमी आणि भाडेकरूंना तोटा नाही. पैसेवाल्याला याहून सोपा व्यवहार सुचणे कठीण होते. या दाटीचे फळ 1896 साली मांडवीत प्लेग उद्भवला तेव्हा दिसले. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तरी पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे अपुरीच पडली. पुढे पहिल्या महायुद्धात भाडी चढली आणि 1918 मध्ये ती रोखणारा कायदा करणे सरकारला भाग पडले. त्यात अन्याय नव्हता. मालकाच्या एका नोटिशीने ज्याचा संसार रस्त्यावर येई, त्याला आधार देणे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच होते.

खरी मेख मारली गेली ती 1947 च्या कायद्याने. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते तेच सर्वसाधारणपणे 'प्रमाण भाडे' ठरले. कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढीवर अर्धशतक जगला. सरकारी दप्तरात 'तात्पुरता' हा शब्द मोठा दीर्घायुषी असतो! समजा, एखाद्या चाळीत चाळीस खोल्या आणि दर खोलीस दहा रुपये भाडे. महिन्याला चारशे रुपये आले. सुरुवातीला एवढ्यात कर भरून, चुना लावून मालकाला काही उरत असेल. पुढे पुढे त्याच चारशांत, करवाढीपोटी मिळणारी थोडी भर धरूनही, एक जिना नीट करणे अवघड झाले. मालकाने दुरुस्तीतून अंग काढले, तुळया कुजल्या, पावसाळ्यात सज्जे ढासळू लागले, आणि ज्याच्या रक्षणासाठी कायदा होता त्याच भाडेकरूच्या अंगावर छप्पर आले. अखेर 1969 च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीचा भार सरकारी मंडळाकडे देण्यात आला. अशा इमारती 19,000 हून अधिक होत्या. पावतीवर दहा रुपये आणि हातोहात हजारोंची पागडी, हा दुटप्पी व्यवहार याच काळात रुळला.

भाडेकरू नको म्हणून काही मालक करार करून परवानाधारक ठेवू लागले. तेव्हा 1973 च्या दुरुस्तीने, 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू परवान्यावर राहणारेही भाडेकरू मानले गेले. रिकाम्या घराला कुलूप लावणे मालकांना सुरक्षित वाटू लागले, ते उगीच नव्हे.

डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात ही गोठलेली भाडी अवाजवी ठरवली. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याने भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढ मान्य केली आणि पागडीलाही मान्यता दिली. नव्या मालकाच्या दृष्टीने त्यातील कलम 55 सर्वांत मोलाचे. करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास अटींविषयी वाद पडेल तेव्हा, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. परवान्याची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यास कलम 24 नुसार दुप्पट शुल्क भरावे लागते; हा आधारही कागद असेल तरच मालकाच्या कामी येतो. जुन्या इमारतीतील भाडेकरूसह गाळा स्वस्तात मिळतो, तेव्हा त्या स्वस्ताईत वरचा सारा इतिहास सामावलेला असतो. खरेदीचा हिशेब करताना घर महिना-दोन महिने रिकामे राहील असे धरावे आणि दुरुस्तीची रक्कम भाड्यातून आधीच वजा करावी.

भाड्याचा कायदा राज्यागणिक निराळा आहे. इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथे घर घेणाऱ्या मराठी माणसाने तेथील कायदा स्वतंत्रपणे पाहावा. केंद्राच्या 2021 च्या नमुना कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केलेली आहे. परंतु राज्याने स्वीकारल्यावाचून तो तेथे लागू होत नाही.